कर्मचारी नुकसानभरपाई

कामावर असताना, कामामुळेच झालेल्या अपघातात कर्मचारी जखमी झाला तर त्याला, आणि दगावला तर त्याच्यावर अवलंबून असलेल्या कुटुंबीयांना मालकाने द्यायची कायदेशीर रक्कम. भारतात हा हक्क १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई अधिनियमाने दिला. १ जुलै १९२४ रोजी तो अमलात आला. २००९ च्या दुरुस्तीने त्याचे नाव बदलले आणि कारकुनी काम करणारेही त्याच्या कक्षेत आले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० लागू झाली आहे. तिने जुन्या अधिनियमाची जागा घेतली, पण त्याचा गाभा तसाच ठेवला.

या कायद्यात मालकाची चूक सिद्ध करावी लागत नाही. मशीन नादुरुस्त होते की कामगाराचे लक्ष चुकले, हा प्रश्न गौण ठरतो. दारूच्या अमलाखाली असणे, सुरक्षेचा नियम जाणूनबुजून मोडणे किंवा मशीनवरचे संरक्षक जाळे मुद्दाम काढणे, अशा कारणांनी मालकाला भरपाई नाकारता येते. मात्र मृत्यू झाला किंवा कायमचे पूर्ण अपंगत्व आले, तर याही सबबी चालत नाहीत. ‘त्याचीच चूक होती’ एवढे ऐकून घरी बसलेल्या कुटुंबांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

रक्कम वेतन आणि वय यांवरून ठरते. मृत्यूसाठी मासिक वेतनाचा ५० टक्के आणि कायमच्या पूर्ण अपंगत्वासाठी ६० टक्के भाग घेऊन त्याला वयानुसार दिलेल्या गुणकाने गुणतात. ३० वर्षांच्या कामगाराचा गुणक २०७.९८ आहे. जानेवारी २०२० पासून जुन्या अधिनियमाखाली हिशेबात धरायच्या वेतनाची मर्यादा १५,००० रुपये होती. त्या हिशेबाने मृत्यूची भरपाई १५,५९,८५० रुपये होते. पॉवर प्रेसवर त्याच कामगाराचा अंगठा तुटला, तर कायद्याच्या परिशिष्टात अंगठ्यासाठी कमावण्याची ३० टक्के क्षमता बुडाल्याचे धरले आहे. त्याचे, म्हणजे पूर्ण अपंगत्वाच्या भरपाईच्या ३० टक्के, ५,६१,५४६ रुपये होतात. पंचवीस हजार पगार असला तरी हिशेब पंधरा हजारांवरच होई, ही मर्यादा कामगारावर अन्याय करणारी होती. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाच्या २५ टक्के रक्कम मिळते, जास्तीत जास्त पाच वर्षे. औषधोपचाराचा खर्च याखेरीज द्यावा लागतो.

टक्केवारी कोष्टकातली असली तरी माणसाचा धंदा पाहावा लागतो. डावा हात कोपराच्या वर कापावा लागलेल्या एका सुताराच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९७५ च्या निकालात सांगितले, की सुतारकाम एका हाताने होत नाही, म्हणून हे पूर्ण अपंगत्व. भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देणे लागते, हेही याच निकालाने ठरले. जुन्या अधिनियमाखाली महिन्याच्या आत पैसे न दिल्यास १२ टक्के व्याज, आणि विलंबाला सबळ कारण नसल्यास ५० टक्क्यांपर्यंत दंड लागत असे.

मृत्यूची भरपाई थेट वारसांच्या हाती देऊन मालक मोकळा होत नाही. ती भरपाईचे दावे चालवणाऱ्या सक्षम अधिकाऱ्याकडे जमा करावी लागते. दुःखात असलेल्या विधवेकडून काही हजारांत अंगठा घेऊन प्रकरण मिटवले जाऊ नये, यासाठी ही तरतूद आहे. हक्क सोडून देणारा करारही निरर्थक ठरतो. कामगार ठेकेदाराचा असला तरी मूळ मालकाच्या नेहमीच्या धंद्यातले काम तो करत असेल, तर त्या मालकाकडे दावा करता येतो. मालकाने मग ठेकेदाराकडून वसूल करावे.

कामावर जाता-येतानाच्या अपघाताचा वाद मुंबईतच गाजला. ‘बेस्ट’चा एक चालक पाळी संपवून जोगेश्वरी डेपोतून ‘बेस्ट’च्याच बसने घरी निघाला आणि वाटेत अपघातात गेला. हा मृत्यू नोकरीच्या ओघातलाच, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६३ मध्ये म्हटले. २०२५ मध्ये धाराशिवकडच्या (पूर्वीचे उस्मानाबाद) साखर कारखान्याच्या रखवालदाराच्या प्रकरणात, पहाटेच्या पाळीसाठी स्वतःच्या वाहनाने जाताना झालेला मृत्यूही न्यायालयाने भरपाईस पात्र ठरवला. नव्या संहितेत प्रवासातले असे अपघात स्पष्टपणे घेतले आहेत. वेळ, जागा आणि काम यांचा संबंध मात्र दाखवावा लागतो.

कर्मचारी राज्य विमा योजनेत, म्हणजे ‘ईएसआय’मध्ये, असलेल्या कामगाराला मालकाऐवजी विमा महामंडळाकडून लाभ मिळतो. दोन्हीकडून घेता येत नाही.

दावा साधारणपणे दोन वर्षांच्या आत करावा लागतो. असंघटित कामगाराकडे नेमणूकपत्र नसते, म्हणून मालक-कामगाराचे नाते सिद्ध करताना तो अडखळतो. अशा वेळी पोलिसांचा पंचनामा, दवाखान्याची कागदपत्रे, मुकादमाचे हजेरीपुस्तक, मजुरी जमा झाल्याची बँकेतली नोंद आणि सोबतच्या कामगारांचे जबाब उपयोगी पडतात. ते पहिल्या काही दिवसांतच गोळा करावे, कारण साइट बदलली की सोबतीही पांगतात.