नेपाळमधील श्रमदान दौरा : कामाचा दिवस कसा असतो

जाजरकोटच्या श्रमदान दौऱ्याची चौकशी करणाऱ्या प्रत्येक ग्राहकाला आम्ही हे माहितीपत्रक नोंदणीपूर्वीच देतो. प्रवास, मुक्काम आणि शुल्क यांचा तपशील आमच्या पुण्यातील कार्यालयात स्वतंत्रपणे मिळेल. येथे आम्ही फक्त कामाच्या दिवसाविषयी लिहीत आहोत, कारण दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या धडधाकट माणसालाही दिवसभर दगड वाहण्याचा अंदाज सहसा नसतो, आणि तो घरातून निघण्यापूर्वीच यावा अशी आमची मनापासून इच्छा आहे.

३ नोव्हेंबर २०२३ च्या रात्री पश्चिम नेपाळमधील जाजरकोट आणि पश्चिम रुकुम हे जिल्हे भूकंपाने हादरले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांना आठवते, त्यांना यामागचे कारण ओळखीचे वाटेल. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतीचे आतला आणि बाहेरचा असे दोन पदर एकमेकांत नीट गुंतवलेले नसले, तर हादऱ्याने ते फाकतात आणि छप्पर झोपलेल्या माणसांवर कोसळते. म्हणून नव्या घरात भिंतीच्या पूर्ण जाडीतून आरपार जाणारे लांब दगड ठरावीक अंतरावर बसवतात आणि जोते, खिडकीचा तळ व दारांचा माथा या पातळ्यांवर सळया घातलेला काँक्रीटचा सलग पट्टा घराभोवती फिरवतात. तुमचे श्रम मुख्यतः या दगडांसाठी आणि या पट्ट्यांसाठी लागतात.

दिवस सकाळी सहाला चहाने सुरू होतो. घड्याळ आपल्यापेक्षा पंधरा मिनिटे पुढे लावावे. नाश्ता म्हणून वेगळे काही नसते. दहाच्या सुमारास पोटभर डाळ-भात मिळतो आणि तेच दिवसाचे मुख्य जेवण असल्याने ते संकोच न करता जेवावे. शनिवारी सुट्टी असते, रविवारी काम चालते.

पहिले काम वाहतुकीचे. गाडीरस्ता बऱ्याचदा वस्तीच्या खालीच संपतो आणि तेथून वाळू, खडी, दगड माणसांनीच वर न्यायचे असतात. तेथील माणसे डोको नावाची वेताबांबूची टोपली पाठीवर घेऊन तिचा नाम्लो, म्हणजे पट्टा, कपाळावर अडकवतात. तो सगळा भार मानेवर येतो, म्हणून नवख्याने नाम्लो वापरू नये असा आमचा स्पष्ट आग्रह आहे. आपण साखळी करून घमेली हातोहात पुढे द्यावीत, आणि समोरच्याची पकड पक्की झाल्याशिवाय घमेले सोडू नये.

दुपारचे काम माल कालवण्याचे, आणि खरी दमछाक येथेच होते. एक भाग सिमेंट, दीड भाग वाळू आणि तीन भाग खडी पत्र्यावर घेऊन, रंग सगळीकडे सारखा दिसेपर्यंत फावड्याने कोरडीच परतायची आणि मग पाणी घालायचे. पन्नास किलोच्या गोणीला तीस लिटरपेक्षा जास्त पाणी चालत नाही. पाणी वाढवले की फावडे हलके चालते, त्यामुळे थकलेल्या माणसाला तो मोह होतोच. परंतु जादा पाणी उडून गेल्यावर आत बारीक छिद्रे राहतात आणि पट्टा कच्चा होतो. मिस्त्रीदाई (नेपाळीत दाई म्हणजे थोरला भाऊ) नको म्हणाले की हात थांबवावा. पाणी पडल्यावर माल अर्ध्या तासाच्या आत जागेवर गेला पाहिजे, त्यामुळे त्या वेळात फोटोसाठीही कोणी थांबत नाही. एक घनमीटर काँक्रीट म्हणजे सुमारे २,४०० किलो वजन, आणि ते आधी फावड्याने, मग घमेल्याने असे दोनदा हलवावे लागते.

भिंत रचण्याचे काम मात्र आम्ही स्वयंसेवकांना देत नाही. ते स्थानिक गवंड्यांचे काम आहे आणि त्यांची मजुरी दौऱ्याच्या शुल्कातूनच दिली जाते. आपण तेथे बिगारी म्हणून जातो. ज्या घरात एखादे कुटुंब पुढची अनेक वर्षे झोपणार आहे, त्या घरावर हौशी हातांनी थापी चालवून पाहणे आम्हाला योग्य वाटत नाही.

ओले सिमेंट कातडी जाळते आणि सुरुवातीला ते जाणवतही नाही. रबरी हातमोजे व गमबूट वापरावेत, बुटात माल शिरल्यास काम सोडून पाय लगेच स्वच्छ पाण्याने धुवावेत आणि धनुर्वाताची लस घेतल्याची खात्री निघण्यापूर्वीच करावी. पूर्वतयारी म्हणून पाठीवर दहा किलोची सॅक घेऊन पर्वतीच्या पायऱ्यांवर फेऱ्या माराव्यात. गुडघ्यांची खरी परीक्षा उतरताना होते.

ज्यांना वजन उचलणे जमणार नाही, त्यांच्यासाठीही काम आहे. वाळू चाळणे, सळईच्या रिंगा वळवणे आणि ओतलेल्या पट्ट्यावर गोणपाट टाकून किमान सात दिवस पाणी मारणे ही कामे तितकीच मोलाची आहेत. रिंगेची टोके काटकोनात न सोडता १३५ अंशांपर्यंत आत वळवावी लागतात, नाहीतर धक्क्यात रिंग उघडते; बैठकीचे असले तरी ते काम लक्षपूर्वक करावे लागते. कंबर, गुडघे, रक्तदाब किंवा हृदयाची कोणतीही तक्रार असल्यास नोंदणी अर्जात ती स्पष्ट लिहावी आणि डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे, म्हणजे निघण्यापूर्वीच आम्ही तुमचे काम ठरवून गावातील मिस्त्रींना तसे कळवू शकू.