बंगलोर प्रकल्प

बंगलोर प्रकल्प : इंग्रजी ही दुसरी भाषा म्हणून शिकवण्याचा दक्षिण भारतातील शालेय प्रयोग. एन. एस. प्रभू यांनी बंगलोरची प्रादेशिक इंग्रजी संस्था व ब्रिटिश कौन्सिल यांच्या आधाराने तो चालवला. त्याचा काळ सामान्यतः १९७९–८४ असा देतात. त्यातील काही वर्ग तमिळनाडूतील कडलूर येथेही होते.

उगमाविषयी मतभेद आहेत. काही अभ्यासक त्याला युरोपातील संवादात्मक अध्यापनाची शाखा मानतात. परंतु त्या पद्धतीत विनंती करणे, माफी मागणे अशा भाषिक कार्यांची यादी आधी ठरते; येथे भाषेची कोणतीच यादी नव्हती, केवळ कृतींचा, म्हणजे मुलांनी इंग्रजीतून सोडवायच्या प्रश्नांचा, क्रम होता. म्हणून रचनात्मक पद्धतीवरील, म्हणजे ठरावीक वाक्यरचना क्रमाने शिकवण्याच्या पद्धतीवरील, असमाधानातून हा प्रयोग उभा राहिला, हे मत अधिक ग्राह्य वाटते. वाक्यरचना वर्गात घोटून घेतलेल्या मुलांना वर्गाबाहेर त्या वापरता येत नाहीत, हा त्यामागचा अनुभव. लक्ष अर्थावर असताना व्याकरण नकळत आत्मसात होते, हे गृहीतक.

तासाचे दोन भाग असत. आधी शिक्षक रेल्वेचे वेळापत्रक, नकाशा असे काही घेऊन साऱ्या वर्गाला प्रश्न विचारी : अमुक गाडी चुकली तर पुढची कोणती, ती वेळेत पोचेल का? मग तशीच दुसरी कृती प्रत्येकाने एकट्याने करायची व ती तपासली जाई. निम्म्या वर्गाला निम्मी कृती साधली, तर काठिण्य योग्य. कृती तीन प्रकारच्या : माहितीची (एकाकडची माहिती दुसऱ्याला देणे), तर्काची (दिलेल्या माहितीवरून निष्कर्ष काढणे) आणि मताची (स्वतःची पसंती मांडणे); भर तर्काच्या कृतींवर, कारण मत मांडायला लागणारी भाषा मुलांपाशी नसते. चूक झाल्यास शिक्षक शुद्ध रूप सहज उच्चारून पुढे जाई, नियम सांगत नसे. गटकार्य टाळले जाई. मुले एकमेकांची अशुद्ध रूपे उचलून पक्की करतील, ही भीती होती.

बेरेटा व डेव्हिस यांच्या मूल्यमापनात (१९८५) प्रकल्पाचे वर्ग आकलनात, तर रचनात्मक पद्धतीने शिकलेले तुलनेचे वर्ग रचनांच्या चाचणीत एकंदरीने सरस आढळले. मात्र वर्ग आधीपासूनचेच होते, विद्यार्थ्यांची यादृच्छिक विभागणी झाली नव्हती. त्यामुळे निष्कर्ष जपून घ्यावेत. खरी अडचण अंमलबजावणीत दिसली. पुस्तकाचा आधार नसताना आयत्या वेळी इंग्रजीतून प्रश्न विचारत राहणे प्रकल्पाबाहेरून आलेल्या नेहमीच्या शाळाशिक्षकांना जड गेले. प्रभूंचे विवेचन १९८७ मध्ये ग्रंथरूपात आले; कृती-आधारित अध्यापनाच्या चर्चेत ते आजही आधाराला घेतात.