कूलरचं पाणी आणि हातावरची जखम

मे महिन्यातल्या नागपुरात कूलरच्या टाकीत पाणी कोणी भरायचं, एवढ्यावरून घराघरांत आवाज चढतो. "काहून भरलं नाही?" याला "तुमाले काय दिसते घरात!" असं उत्तर आलं की पाण्याचा विषय मागे पडतो आणि जुनं उकरणं सुरू होतं.

अशा बोलण्याचा शरीरावर होणारा परिणाम अमेरिकेतल्या ओहायो स्टेट विद्यापीठात जॅनिस किकोल्ट-ग्लेझर आणि सहकाऱ्यांनी मोजला. ४२ जोडप्यांना त्यांनी दोनदा २४-२४ तास रुग्णालयात ठेवलं, दर खेपेला हातावर शोषणयंत्राने बारीक फोड आणले आणि वरची त्वचा काढली. एका खेपेला एकमेकांना धीर द्यायचा, दुसऱ्या खेपेला वादाचा विषय काढायचा. वादानंतरच्या जखमा उशिरा भरल्या. दोन्ही खेपांना कडवट बोलणाऱ्या जोडप्यांत तर जखम भरण्याचा वेग सौम्य जोडप्यांच्या ६० टक्केच निघाला (२००५). म्हणजे वाद सगळ्यांनीच घातला, सगळ्यात महागात पडला तो टोमणा.

गंमत अशी, की जखम भरायला सुरुवातीला थोडा दाह, म्हणजे शरीराची सूज-लालीची प्रतिक्रिया, लागतोच. वादानंतरच्या जखमेत दाह घडवणारी रसायनं कमी होती, आणि कडवट जोडप्यांच्या रक्तात मात्र वादानंतरच्या सकाळी ती जास्त वाढलेली होती. रक्तात असा दाह सतत राहणं हृदयविकार आणि मधुमेहाशी जोडलेलं आहे.

मग करायचं काय? भांडण तापलं की मनगटावर १५ सेकंद नाडी मोजा, चारने गुणा. १०० च्या वर गेली तर थांबा, निदान २० मिनिटं. न सांगता उठून गेलात तर समोरच्याला तो अपमानच वाटतो. "साडेनऊला बोलू" असं सांगा आणि साडेनऊला खरंच या. या वेळात मनातल्या मनात उत्तरं जुळवू नका, आणि समजूत घालायला आलेल्या आत्याबाईंना सगळी कहाणी पहिल्यापासून सांगू नका, नाडी पुन्हा चढते. भर उन्हात गच्चीवरून बादल्या आणल्या असतील तर ती आधीच वाढलेली असते. पाणी पिऊन बसा, मग मोजा.

रक्तदाबासाठी बीटा-ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंद ठेवणारी औषधं) घेणाऱ्यांची नाडी रागातही फारशी चढत नाही. त्यांनी समोरच्याचं वाक्य पुरतं ऐकू येईनासं झालं, की तीच खूण समजावी.