गोळी तीच, बिडी सुटली

कोल्हापूरच्या कळंबा कारागृहासारख्या ठिकाणी मानसिक आजाराची औषधं घेणारा बंदी दाखल झाला, की आधीची चिठ्ठी पाहून गोळ्या सुरू ठेवणं ही पहिली पायरी. चिठ्ठीत एक गोष्ट सहसा नसते: बाहेर तो बिडी ओढायचा का, आणि दिवसाला किती?

धुरातल्या रसायनांमुळे यकृतातलं एक विकर (एन्झाइम) जोमानं काम करतं. क्लोझापिन आणि ओलान्झापिन ही स्किझोफ्रेनियाची औषधं तेच विकर मोडतं. आत बिडी सुटली की आठवड्याभरात विकर मंदावतं आणि क्लोझापिनची रक्तातली पातळी दीडपट, कधी त्याहूनही वर जाते. माणूस दिवसभर पेंगतो, झोपेत लाळ गळते, फिट येऊ शकते. बराकीत मात्र तो आळशी ठरतो! पहिल्याच आठवड्यात डोस उतरवावा लागतो. निपाणी शेजारी असलेल्या या मुलखात तंबाखू मळणारेही पुष्कळ. त्यांना हे लागू नाही. करामत धुराची आहे, निकोटिनची नाही.

क्लोझापिनमध्ये 48 तासांहून जास्त खंड पडला, तर जुना डोस एकदम देत नाहीत. 12.5 मिलिग्रॅमपासून पुन्हा चढवतात, नाहीतर रक्तदाब कोसळतो. अटक, कोठडी, कोर्ट यांत दोन दिवस सहज जातात. म्हणून घरच्यांनी चिठ्ठीसोबत शेवटची गोळी कधी घेतली तेही लिहून द्यावं.

बायपोलर आजारात देतात त्या लिथियमचं वेगळंच. शेवटच्या डोसनंतर 12 तासांनी रक्त घेतात. पातळी साधारण 0.6 ते 1.0 मिलीमोल प्रति लिटर हवी. उन्हाळ्यात पाणी कमी पडलं, जुलाब लागले किंवा गुडघेदुखीवर डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक दिलं, की ती वर सरकते. हात जोरात थरथरले, चाल डगमगली, तर पुढची गोळी थांबवून लगेच रक्त तपासायचं.

गोळी समोरच गिळायला लावून जीभ उचलून पाहतात, कारण गालात दडवलेली गोळी विकली जाते किंवा साठवली जाते. ओलान्झापिनची तोंडात विरघळणारी गोळी मिळते. हॅलोपेरिडॉल डिकॅनोएट या स्किझोफ्रेनियावरच्या औषधाचं इंजेक्शन साधारण चार आठवडे पुरतं. बायपोलर आजारात देतात त्या व्हॅल्प्रोएटची सावकाश सुटणारी गोळी मात्र कुटून देऊ नये. सगळं औषध एकदम सुटतं.

सुटकेनंतर चक्र उलटं फिरतं. गेटबाहेर बिडी पेटली की क्लोझापिन उतरू लागतं आणि भास परततात. सुटकेच्या कागदांत पुढच्या इंजेक्शनची तारीख हवी, शिवाय आत ठरलेला डोस बिडी बंद असतानाचा आहे, ही नोंदही.