म्यूरेन

स्वित्झर्लंडच्या बर्न कँटनमधील (घटक राज्यातील) आल्प्स पर्वतातले गाव व हिवाळी क्रीडाकेंद्र. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे १,६४० मी. प्रशासकीय दृष्ट्या ते लाउटरब्रुनेन नगरपालिकेत मोडते. लाउटरब्रुनेनची दरी हिमनदीने कोरलेली, 'यू' आकाराची. तिच्या पश्चिमेच्या चुनखडकी कड्यावर, किल्ल्याच्या माचीसारख्या सपाटीवर गाव वसले आहे. दरीचा तळ गावाच्या जवळजवळ ८०० मी. खाली आहे. समोर आयगर (३,९६७ मी.), म्योंख व युंगफ्राउ (४,१५८ मी.) ही शिखरे, तर मागे शिल्टहॉर्न (२,९७० मी.). कड्यावरून कोसळणारा म्यूरेनबाख धबधबा टप्प्याटप्प्यांनी ४०० मी.हून अधिक उतरतो.

वस्तीचा आरंभ बहुधा तेराव्या शतकातला. शेजारच्या व्हाले प्रदेशातील ल्योचेनटाल खोऱ्यातून आलेल्या, जर्मन बोलणाऱ्या वाल्झर लोकांनी ही वरची कुरणे वसवली, हे मत सामान्यतः ग्राह्य मानतात. पुढे या भागावर इंटरलाकेनच्या मठाची सत्ता आली.

गावाला सार्वजनिक मोटाररस्ता नाही. १८९१ मध्ये लाउटरब्रुनेन–ग्र्युचआल्प हा दोरखंडावरचा उतरणीचा लोहमार्ग आणि तेथून कड्याच्या काठाने म्यूरेनपर्यंत सु. ४ किमी. लांबीची, १ मी. रुंदीमापाची विद्युत् रेल्वे सुरू झाली. उतरणीच्या मार्गावर वरच्या डब्याच्या टाकीत पाणी भरत. जड झालेला डबा उतरताना खालचा डबा वर ओढी. १९०२ मध्ये तेथे वीज आली. मात्र डोंगरउतार हळूहळू सरकत असल्याने रूळ जागचे हलत आणि दुरुस्ती संपेना. अखेर २००६ मध्ये हा भाग काढून केबल कार बसवण्यात आली. तिच्या पाळण्याखाली मालपेटी टांगून गावाचा किराणा, सामानसुमान वर जाते. वरची रेल्वे अजून चालू आहे. डिसेंबर २०२४ पासून दरीतल्या श्टेखेलबेर्गहून थेट म्यूरेनला येणाऱ्या रज्जुमार्गाचा कमाल चढ १५९.४ टक्के, म्हणजे १०० मी. आडव्या अंतरात सु. १५९ मी. उंची, इतका तीव्र आहे.

हॉटेले एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून होती, पण हंगाम उन्हाळ्याचा होता. १९१०-११ च्या हिवाळ्यात ब्रिटिश सहलव्यावसायिक हेन्री लन यांच्या प्रयत्नाने रेल्वे थंडीतही धावू लागली. पहिल्या महायुद्धात, १९१६ पासून, जखमी ब्रिटिश युद्धकैद्यांना येथे ठेवले होते.

स्लालम म्हणजे रोवलेल्या निशाणांमधून वळत उतरण्याची स्कीची शर्यत. तिच्या उगमाबद्दल वाद आहे. नॉर्वेतील टेलेमार्क भागात अडथळ्यांतून वळत उतरण्याची जुनी परंपरा असून खेळाचे नावही तेथलेच. ऑस्ट्रियातील अभ्यासक, तेथील स्कीचे आद्य शिक्षक मात्तियास झ्दार्स्की यांनी १९ मार्च १९०५ रोजी लिलियनफेल्टजवळच्या मुकेनकोगेल डोंगरावर घेतलेल्या ८५ फाटकांच्या (ज्यांतून उतरायचे त्या निशाणांच्या) शर्यतीला अग्रमान देतात. म्यूरेनचा दावा हेन्री यांचे पुत्र आर्नल्ड लन यांनी २१ जानेवारी १९२२ रोजी येथे घेतलेल्या स्पर्धेवर उभा आहे. तोवर वळणांना परीक्षक डौल पाहून गुण देत. झाडांच्या गर्दीतून वाट काढावी तसे निशाणांच्या जोड्यांमधून उतरायचे आणि घड्याळ सांगेल तो निकाल मानायचा, असा नियम लन यांनी केला. वळण ओबडधोबड असले तरी वेग कमी गमावला की पुरे, हे त्यामागचे सूत्र. फाटके रोवणे १९२२ च्या आधीचे आहे, यात शंका नाही. परंतु आजच्या स्लालमचे नियम म्यूरेनच्या स्पर्धेतून वाढत गेलेले दिसतात, म्हणून आधुनिक स्लालमपुरता तिचा मान रास्त वाटतो.

१९२४ मध्ये येथे कंदाहार स्की क्लब स्थापन झाला. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने उताराची शर्यत व स्लालम यांना १९३० मध्ये मान्यता दिली आणि फेब्रुवारी १९३१ मध्ये दोन्हींच्या पहिल्या स्पर्धा म्यूरेनला झाल्या. जागतिक अजिंक्यपदाचा दर्जा त्यांना मागाहून मिळाला. स्त्रियांच्या दोन्ही शर्यती ब्रिटनच्या इझ्मे मॅकिनन यांनी जिंकल्या. १९३५ ची स्पर्धाही येथेच झाली.

इन्फर्नो ही हौशी खेळाडूंची शर्यत १९२८ पासूनची. तेव्हा रज्जुमार्ग नव्हता. १७ स्पर्धक शिल्टहॉर्न पायी चढले आणि मग लाउटरब्रुनेनपर्यंत उतरले. पूर्ण मार्ग सु. १५ किमी. लांबीचा असून स्पर्धकांना ठरावीक अंतराने एकेक करून सोडतात. निव्वळ वेगावर ती जिंकता येत नाही: मधे सपाट व थोडे चढाचे पट्टे आहेत, तेथे काठ्यांनी रेटावे लागते. सुरुवातीलाच मांड्या थकल्या किंवा बर्फाच्या तापमानाला न जुळणारे मेण स्कीला लावले, तर येथेच मिनिटे जातात. दरीत बर्फ नसला की शेवट वरच्या विंटरएग या ठिकाणी घेतात.

शिल्टहॉर्नवरील फिरते उपाहारगृह १९६९ च्या जेम्स बाँड चित्रपटामुळे जगभर माहीत झाले. स्कीच्या वाटा बऱ्याच अंशी तीव्र आहेत. नवशिक्यांनी गावालगतचे आल्मेंटहूबेलचे उतार निवडावेत. दक्षिणेकडून फ्योन वारा सुटला की वरचे रज्जुमार्ग बंद ठेवतात. म्हणून शिखरावर जायचे तर तिकीट काढण्यापूर्वी त्या सकाळची सूचना पाहावी.