माकडताप (सत्तरी, गोवा)

माकडताप हा गोचिडीच्या चाव्यातून माणसाला होणारा विषाणुजन्य आजार आहे. १९५७ साली कर्नाटकात शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या रानात माकडे मरू लागली, पाठोपाठ माणसे तापाने फणफणली, तेव्हा त्याची ओळख पटली. ‘क्यासनूर फॉरेस्ट डिसीज’ हे वैद्यकीय नाव त्यावरूनच पडले. गोव्यात २०१५ मध्ये सत्तरी तालुक्यातील पाली गावात त्याची साथ आली. पुढच्या वर्षी शेजारच्या सिंधुदुर्गातही रुग्ण सापडले.

नावाने माकडावर अन्याय होतो. तेही माणसासारखेच या रोगाला बळी पडते. विषाणू टिकून राहतो तो गोचिडींत आणि रानातल्या उंदीर-चिचुंद्रींत. माकड मरून पडले की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरून भोवतालच्या पाल्यात पसरतात आणि तेवढी जागा धोक्याची बनते. माणसाकडून माणसाला लागण होत नाही, त्यामुळे रुग्णाला वेगळे ठेवून ही साथ आटोक्यात येत नाही.

सत्तरीत साथीचे दिवस आणि काजूचा हंगाम एकत्रच येतात. गोचिडीची बारीक पिल्ले हिवाळ्यापासून मेपर्यंत चावतात. फेब्रुवारीपासून बोंडू, म्हणजे काजूची रसाळ फळे, पिकू लागतात. हुर्राक आणि फेणी या काजूच्या दारूंसाठी पिकून गळलेलाच बोंडू लागतो, म्हणजे झाडाखाली वाकून पाल्यात हात घालणे आलेच. वर्षाची कमाई याच तीन-चार महिन्यांत असल्याने ‘रानात जाऊ नका’ हा सल्ला बागायतदाराला पाळता येत नाही, आणि त्याबद्दल त्याला बोल लावणे योग्य नाही.

चाव्यानंतर साधारण तीन ते आठ दिवसांत एकाएकी ताप चढतो, डोके आणि अंग असह्य दुखते, कधी नाका-हिरड्यांतून रक्त येते. काहींचा ताप उतरून आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा उलटतो, तेव्हा मेंदूवर परिणाम दिसू शकतो. मृत्यूचे प्रमाण ३ ते ५ टक्के आहे. सुरुवातीची लक्षणे डेंगी, मलेरिया, लेप्टोस्पायरोसिससारखीच असल्याने रक्ततपासणीशिवाय निदान होत नाही. विषाणूवर खात्रीचे औषध नाही. सलाईन, रक्तस्रावावर लक्ष आणि वेळेवर दाखल होणे यांवरच भिस्त. जुनी लस वारंवार टोचावी लागे, तरी संरक्षण अपुरेच मिळे. २०२२ मध्ये ती बंद झाली.

उरतात ते उपाय साधे आहेत: अंगभर कपडे, हातापायांना गोचीडरोधक तेल, घरी येताच गरम पाण्याने आंघोळ. मेलेले माकड दिसल्यास त्याला हात न लावता आरोग्य केंद्राला किंवा वन खात्याला कळवावे, म्हणजे त्या जागेभोवती मॅलेथिऑन या कीटकनाशकाची भुकटी टाकता येते आणि वस्तीतल्या तापाच्या रुग्णांची तपासणी लगेच सुरू होते.