कम्युनिटी रेडिओ आणि गावच्या घडामोडी

कम्युनिटी रेडिओ म्हणजे एखादं विद्यापीठ, कॉलेज, कृषी विज्ञान केंद्र नाहीतर नोंदणीकृत संस्था आपल्या आसपासच्या लोकांसाठी चालवते तो छोटा एफएम रेडिओ. सरकारी कागदावर याला सामुदायिक रेडिओ म्हणतात. ट्रान्समीटरची प्रभावी ताकद 100 वॉटपर्यंतच ठेवायची परवानगी असते, त्यामुळे आवाज साधारण दहा-पंधरा किलोमीटरपर्यंत जातो आणि मध्ये डोंगर आला की तेवढाही जात नाही. देशात अशी स्टेशनं आता पाचशेच्या घरात आहेत. या रेडिओवर पाणी, वीज, बाजारभाव, शाळा, बचत गट, यात्रा, ओव्या, भारूड असं सगळं चालतं, पण स्वतःची बातमी मात्र देता येत नाही, आणि भारतातल्या लोकल रेडिओबद्दल काहीही लिहायचं तर या एका गोष्टीला वळसा घालून पुढे जाताच येत नाही.

खरंतर रेडिओवर ऐकायचं आणि मग गावात बसून त्यावर चर्चा करायची याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्रातच झालेला आहे, फार कोणाला माहीत नसतो एवढंच. 1956 साली आकाशवाणी पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत रेडिओ श्रोत्यांचे गट बनवले. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागायचा, पंधरा-वीस गावकरी एकत्र बसून ऐकायचे, नंतर आपापसात बोलायचे, आणि त्यांचे प्रश्न केंद्राकडे परत जायचे. या प्रयोगाचा अभ्यास पॉल न्यूरथ या समाजशास्त्रज्ञानं टाटा समाजविज्ञान संस्थेतर्फे केला आणि तो जगभर वाचला गेला. पुढे हीच कल्पना देशभर न्यायची ठरली खरी, पण माइक आकाशवाणीच्याच हातात राहिला, गावाच्या हातात काही आला नाही.

तो यायला कोर्ट लागलं, आणि तेही क्रिकेटमुळे. मॅच कोण दाखवणार या भांडणात बंगालची क्रिकेट असोसिएशन आणि केंद्र सरकार समोरासमोर आले, आणि फेब्रुवारी 1995 मध्ये सुप्रीम कोर्टानं निकाल देताना सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, त्यावर सरकारची मक्तेदारी चालणार नाही. त्याचा फायदा आधी खासगी एफएमवाल्यांना मिळाला, 2001 पासून शहरांत गाणी सुरू झाली. शिक्षणसंस्थांना 2002 च्या धोरणात जागा मिळाली, 1 फेब्रुवारी 2004 ला चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं अण्णा एफएम सुरू झालं. स्वयंसेवी संस्था आणि कृषी विज्ञान केंद्रांना दार उघडलं ते नोव्हेंबर 2006 मध्ये. व्यक्ती, राजकीय पक्ष आणि धार्मिक संस्था यांना आजही परवानगी नाही, आणि ते बरंच आहे म्हणायचं, नाहीतर तालुक्याच्या प्रत्येक नेत्याचं एकेक स्टेशन निघालं असतं.

दार उघडल्यावर आत कोण आलं हे बघायचं तर आधी महाराष्ट्राच्या जरा बाहेर जावं लागतं. तेलंगणातल्या झहीराबादजवळ, म्हणजे बिदरच्या पलीकडे, माचनूर गावात 15 ऑक्टोबर 2008 ला संघम रेडिओ सुरू झाला. डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटी या संस्थेच्या दलित महिला शेतकऱ्यांनी चालवलेला हा रेडिओ, विषय काय तर ज्वारी-बाजरी, बियाणं, सण, गाणी, घरातली भांडणं. स्टेशन सांभाळणाऱ्या दोघींचंही नाव नरसम्मा, म्हणून एकीला जनरल नरसम्मा म्हणायला लागले.

महाराष्ट्रात त्याच वर्षी डिसेंबरात सातारा जिल्ह्याच्या माण तालुक्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी 90.4 वर सुरू झाली. चेतना गाला सिन्हा यांनी 1997 मध्ये तिथे महिलांची सहकारी बँक उभी केली होती, त्याच कामातून पुढे रेडिओ आला. माण म्हणजे कायमचा दुष्काळी पट्टा, मेंढरं घेऊन फिरणारा धनगर समाज, गजी ढोल आणि ओव्या. अशा ठिकाणी संस्कृतीचे कार्यक्रम वेगळे आणि प्रश्नांचे वेगळे असं करताच येत नाही, कारण ओवी म्हणणाऱ्या बाईच्या ओवीतच पाणी नसल्याचं गाऱ्हाणं असतं. बारामतीत विद्या प्रतिष्ठानची वसुंधरा वाहिनी आहे, सांगलीच्या जत तालुक्यात कानडी सीमेलगत जालिहाळला येरळावाणी. पुण्यात विद्यापीठाची विद्यावाणी आणि फिल्म इन्स्टिट्यूटचा रेडिओ, मुंबईत मुंबई विद्यापीठाचा मस्ट रेडिओ, ही कॅम्पसवाली मंडळी. त्यांचा श्रोता वेगळा, अडचणीही वेगळ्या.

आता बातम्यांचा मुद्दा. नियम असा की कम्युनिटी रेडिओनं बातम्या आणि चालू घडामोडींचे कार्यक्रम स्वतः करायचे नाहीत. आकाशवाणीची बातमीपत्रं लावता येतात, पण जशीच्या तशी, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मग काय सांगता येतं? हवामान, ट्रॅफिक, खेळाचे सामने, सण-उत्सव, परीक्षा आणि निकाल, अ‍ॅडमिशन, नोकरीच्या जागा, लाइट-पाण्याच्या सूचना, नैसर्गिक आपत्ती, आरोग्याचे इशारे. हे सगळं सरकारच्या हिशोबात बातमी धरलं जात नाही.

कागदावर सोपं वाटतं, स्टुडिओत बसल्यावर कळतं. म्हसवडचंच उदाहरण घेऊ, तिथे मार्गशीर्ष प्रतिपदेला सिद्धनाथाचा रथ निघतो, लाखभर माणूस जमतं. आता रथ किती वाजता निघणार, गाड्या कुठे लावायच्या, प्यायचं पाणी कुठे मिळेल हे रेडिओवरून बिनधास्त सांगता येतं. पण समजा यात्रेच्या आधी रस्त्याचं काम अर्धवट राहिलंय आणि ठेकेदार बिल घेऊन मोकळा झालाय, तर हे सांगायचं का? सांगितलं तर ती बातमी. तसंच टँकरचं. टँकर उद्या येणार ही सूचना झाली, टँकर चार दिवस का आला नाही हे विचारलं की चालू घडामोडी झाल्या. ऐकणाऱ्याला नेमकं हे दुसरंच हवं असतं.

म्हणून मग स्टेशनवाले वाटा काढतात. कायद्याचा तास ठेवतात, त्यात ग्रामसभा कशी बोलवायची, माहितीचा अधिकार कसा वापरायचा, रेशन कमी मिळालं तर अर्ज कुणाकडे करायचा हे सांगतात, नाव कुणाचंच घेत नाहीत. ग्रामसेवकाला, कृषी सहायकाला, नाहीतर प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांना मुलाखतीला बोलवतात आणि प्रश्न श्रोत्यांकडून येऊ देतात. कधी बतावणीच्या ढंगात दोन पात्रं भांडायला लावतात, आणि कोण कुणाला बोलतंय ते गावाला बरोबर समजतं. प्रत्येक कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग तीन महिने जपून ठेवावं लागतं, तक्रार आली तर ते द्यावं लागतं, त्यामुळे एडिटिंग करणारं पोरगंसुद्धा कात्री जरा जास्तच चालवतं. माझ्या मते बंदीपेक्षा ही आधीच घेतलेली काळजी कार्यक्रम जास्त मिळमिळीत करते.

सरकारचं म्हणणं सुरक्षेचं आहे, एवढ्या स्टेशनांवर कोण काय बोलतंय यावर लक्ष कसं ठेवणार. त्यावर विरोधकांचा साधा प्रश्न, पेपरला परवानगी, टीव्हीला परवानगी, मोबाईलवर तर कुणीही उठून चॅनेल काढतो, मग रेडिओनंच काय घोडं मारलंय? 2013 मध्ये कॉमन कॉज या संस्थेनं हाच मुद्दा घेऊन सुप्रीम कोर्टात याचिका केली. शेजारच्या नेपाळात 1997 मध्ये काठमांडूला रेडिओ सगरमाथा सुरू झाला आणि तिथले छोटे रेडिओ स्वतःच्या बातम्या देतात, तेव्हा हे जमतच नाही असं म्हणायला वाव नाही.

अशा परिस्थितीत रेडिओवरची लोकल बातमी म्हणजे आकाशवाणीचं प्रादेशिक बातमीपत्र, आणि महाराष्ट्रात त्यातलं सगळ्यात ओळखीचं पुण्याहून सकाळी सातच्या सुमारास लागणारं. जून 2023 मध्ये पुण्याचा वृत्तविभाग बंद करून बातम्या छत्रपती संभाजीनगरहून द्यायचा आदेश निघाला तेव्हा पक्षबिक्ष विसरून आरडाओरडा झाला आणि निर्णयाला स्थगिती द्यावी लागली. रेडिओ आता ऐकतं कोण म्हणणाऱ्यांना ते उत्तर होतं.

पैशाचं गणित मात्र कायमच तोट्याचं. 2012 मध्ये स्पेक्ट्रमची, म्हणजे हवेतल्या लहरी वापरायची, वार्षिक फी 19,700 वरून एकदम 91,000 रुपये केली होती, ओरड झाल्यावर मागे घेतली. जाहिरात सुरुवातीला तासाला पाच मिनिटं, मग सात, आणि 2024 च्या नव्या धोरणात बारा मिनिटं झाली, सरकारी जाहिरातीचा दरही दहा सेकंदांना 52 वरून 74 रुपये झाला. पण माण किंवा जतसारख्या तालुक्यात बारा मिनिटं भरतील एवढे जाहिरातदार आणायचे कुठून? कृषी सेवा केंद्र, एखादं कापड दुकान, क्लासेस, संपलं. त्यात सरकारी जाहिरातीची बिलं कधी निघतील त्याचा भरवसा नाही, म्हणून बहुतेक स्टेशनं मूळ संस्थेच्या पैशावर आणि फुकट नाहीतर नाममात्र मानधनावर काम करणाऱ्या गावातल्या पोरापोरींवर चालतात, आणि ही पोरं शिकून तयार झाली की पुण्या-मुंबईला निघून जातात.

ऐकायचं साधनही बदललंय. ट्रान्झिस्टर घरात राहिला नाही, साध्या मोबाईलमध्ये एफएम होतं आणि इयरफोनची वायर हीच अँटेना, नव्या स्मार्टफोनमध्ये ते पिनचं भोकच गायब झालं. एप्रिल 2023 मध्ये केंद्राच्या आयटी मंत्रालयानं मोबाईल कंपन्यांना एफएम बंद करू नका म्हणून सूचना काढली. स्टेशनवाले मात्र तोवर कार्यक्रमाच्या ऑडिओ क्लिप व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला लागले होते, त्यामुळे दहा-पंधरा किलोमीटरची हद्द असलेला कार्यक्रम आता मुंबईत हमाली करणाऱ्या नाहीतर ऊसतोडीला गेलेल्या गावकऱ्यापर्यंतही जातो, फक्त परवान्याच्या नियमात त्याची कुठेच मोजदाद होत नाही.